तो सळईचा फोटो कुठंय? आर्किटेक्ट-इंजिनियरांच्या ऑफिससाठी फाइलींचं सॉफ्टवेअर निवडताना

भाग ३७चं लिखित रूप. बोलताना माझं ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ फार होतं, तेवढं काढलंय. बाकी बोलले तसंच आहे.

मागच्या भागात फोनचं स्टोरेज का भरतं यावर बोललो, त्यावर बरेच मेसेज आले की फोनचं कळलं, ऑफिसच्या फाइलींचं काय? विचारणाऱ्यांत आर्किटेक्चर आणि सिव्हिलवाले जास्त. योगायोग असा की गेलं वर्षभर मी हेच काम करतेय. बिनपगारी. मामाच्या ऑफिससाठी.

मामा स्ट्रक्चरल इंजिनियर, मामी आर्किटेक्ट. सांगलीत दोघांचं मिळून एक ऑफिस आहे, सतरा माणसांचं. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत, बीटेक कॉम्प्युटर. घरातलं एक पोरगं कॉम्प्युटर शिकलं की नातेवाइकांचे प्रिंटर, वायफाय, आधारचा ओटीपी सगळं त्याच्याकडे येतं, ते तुम्हाला माहितीच आहे. मला मात्र मामाचा फोन आला तो एका फोटोसाठी.

“अगं, २००९ च्या एका सोसायटीचा फोटो शोधायचाय. शनिवारी येतेस का?”

एक फोटो शोधायला पुण्याहून सांगलीला? मला वाटलं मामा जेवायला बोलावायचं निमित्त काढतोय. तसं नव्हतं.

झालं होतं असं. ती चार मजली सोसायटी, लिफ्ट नाही. पंधरा वर्षांपूर्वी घर घेतलेली माणसं आता सत्तरीला आलीत. तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी गुडघ्यांमुळे कित्येक महिने खाली उतरल्या नव्हत्या. म्हणून सगळ्यांनी वर्गणी काढून इमारतीच्या बाहेरच्या बाजूला लिफ्ट बसवायची ठरवली. लिफ्ट म्हणजे खाली खड्डा खणायला लागणार, आणि खड्ड्याशेजारी एक कॉलम, सी-७. ड्रॉइंगप्रमाणे त्याचं फूटिंग पाच फूट बाय पाच फूट. पण मामाला अंधुक आठवत होतं की तिथं खणल्यावर काळी माती लागली होती आणि साइटवरच फूटिंग वाढवलं होतं. किती वाढवलं? ते ड्रॉइंगमध्ये नंतर कुणी चढवलंच नाही. काँक्रीट ओतायच्या आधी फोटो मात्र काढला होता, एवढं त्याला नक्की आठवत होतं.

इथं एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ड्रॉइंग हरवलं तर परत काढता येतं, रेंडर परत करता येतं. पण एकदा काँक्रीट पडलं की आतली सळई परत दिसत नाही. माती टाकली की फूटिंगही दिसत नाही. तो फोटो काढायचा क्षण एकदाच येतो. फोटो नसेल तर राहत्या इमारतीच्या कॉलमशेजारी हलक्या हातानं खणून बघा, मशीन लावून सळया शोधा, आणि त्याचा खर्च वर्गणीत घाला.

मग तो फोटो आधी का सापडत नव्हता? ऑफिसचं सर्च इंजिन मे महिन्यात रिटायर झालं होतं म्हणून. सव्वीस वर्षं ड्राफ्ट्समन असलेले काका. कुठलं ड्रॉइंग कुठल्या रोलमध्ये, कुठला फोटो कुठल्या डिस्कवर, सगळं त्यांच्या डोक्यात. काका बेळगावला मुलीकडे होते. फोनवर म्हणाले, “निळ्या हार्डडिस्कमध्ये बघ, ‘साइट नवीन दोन’ मध्ये.” ऑफिसात निळ्या हार्डडिस्क तीन निघाल्या. त्यातली एक चालूच होईना.

शनिवारी सकाळी बसलो, फोटो मिळाला मंगळवारी रात्री. फोल्डरचं नाव होतं ‘दिवाळी २००९’. ऑफिसला तेव्हा एकच कॅमेरा होता, त्यात लक्ष्मीपूजनाचे फोटो, त्याच्यामागे सी-७. फोटोत टेप धरलेली होती. फूटिंग सहा फुटांच्या वर. ड्रॉइंगवर भरवसा ठेवून खणलं असतं तर खड्डा थेट त्या फूटिंगच्या कडेवर गेला असता. लिफ्टची जागा दीड फूट सरकवली.

त्या रात्री जेवताना मामी म्हणाली, “एखादं सॉफ्टवेअर नसतं का गं याला?” असतं. त्याला डिजिटल ॲसेट मॅनेजमेंट म्हणतात, आणि त्या धंद्यातले लोक लाडानं डॅम म्हणतात. मामाला डॅम म्हटल्यावर कोयनाच आठवते, त्यामुळे पुढचे दोन महिने आमच्या घरात ‘धरण’ हाच शब्द चालला.

तर धरण म्हणजे काय? साध्या फोल्डरमध्ये फाइलीला एकच पत्ता असतो. सी-७ चा फोटो प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवू, तारखेच्या, का ‘फाउंडेशन’च्या? तिन्हीकडे ठेवला तर तीन कॉप्या, आणि सहा महिन्यांनी त्यातली खरी कुठली हा नवा प्रश्न. डॅममध्ये फाइल एकदाच ठेवतात आणि तिच्याबद्दलची माहिती तिला चिकटवतात: प्रोजेक्ट नंबर, इमारतीचा भाग, कामाचा टप्पा, तारीख, कुणी काढला, कुठं वापरायला परवानगी आहे. या माहितीला मेटाडेटा म्हणतात. शोधताना यातलं कुठलंही टोक हाताला लागलं तरी फाइल येते. शिवाय फाइल न उघडता छोटं चित्र दिसतं, आणि वेबसाइटला लहान, छपाईला मोठी अशी हवी तशी कॉपी काढून देतं. बस्स. यापुढे सेल्सवाले जे सांगतात ते बहुतेक यावरची सजावट असते.

आता जिथं बरीच ऑफिसं फसतात तो भाग. चालू ड्रॉइंग धरणात टाकायची नाहीत.

ऑटोकॅडची फाइल एकटी नसते. तिला दुसऱ्या फाइली जोडलेल्या असतात, एक्सरेफ म्हणतात त्यांना. फाइल उचलून दुसरीकडे ठेवली की ते धागे तुटतात आणि उघडल्यावर अर्धा प्लॅन गायब. रेव्हिटचं तर आणखी एक दुखणं आहे: नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्या व्हर्जनमध्ये उघडतच नाही. चालू कामाला लागतं ते वेगळं. आज साइटवर कुठलं रिव्हिजन वैध, ते कुणी तपासलं, कुणी पाठवलं, याचा हिशेब. त्यासाठी कॉमन डेटा एन्व्हायर्नमेंट नावाचा प्रकार असतो, आणि आयएसओ १९६५० या मानकात, ज्याचे पहिले दोन भाग २०१८ मध्ये आले, फाइलीच्या चार अवस्था सांगितल्यात: काम चालू, इतरांना दाखवलेली, अधिकृत म्हणून दिलेली आणि दप्तरात गेलेली. ऑटोडेस्कचं डॉक्स किंवा बेंटलीचं प्रोजेक्टवाइज ही त्या कामाची सॉफ्टवेअर. ‘आमचं एकच सॉफ्टवेअर दोन्ही करतं’ असं कुणी म्हणालं तर चहा पाजा आणि एक्सरेफ असलेली फाइल टाकून दाखवा म्हणा.

धरणात काय जाणार ते आम्ही असं ठरवलं: साइटचे फोटो, ड्रोनचे व्हिडिओ, तयार इमारतीचे फोटो, रेंडर, प्रेझेंटेशन, आणि काम संपल्यावर जसं बांधलं तसं दाखवणाऱ्या अंतिम ड्रॉइंगच्या पीडीएफ. मूळ कॅड फाइली दुसरीकडे, एका गठ्ठ्यात, आणि त्या कुठं आहेत याची नोंद धरणात.

बरं, बाजारात काय आहे? ढोबळ मानानं तीन घराणी. पहिलं, मोठ्या ब्रँडसाठी बनलेली डॅम, बाइंडर, कँटो वगैरे. दिसायला सुंदर, पण त्यांचं जग मोहिमा आणि उत्पादनं यांचं. दुसरं, खास आपल्या धंद्यासाठी बनलेलं, ओपनॲसेट हे त्यातलं ठळक नाव. त्याची मांडणीच प्रोजेक्टभोवती आहे: आधी प्रोजेक्ट, त्याची माहिती, आणि फोटो त्याच्या पोटात. तिसरं ओपन सोर्स, जसं रिसोर्सस्पेस, जे सुरुवातीला ऑक्सफॅम या संस्थेसाठी बनवलं गेलं होतं. ते फुकट घेऊन स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं किंवा पैसे देऊन बनवणाऱ्यांकडूनच चालवून घेता येतं.

यात प्रोजेक्टचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. आर्किटेक्टच्या ऑफिसात प्रत्येक प्रश्न प्रोजेक्टपासून सुरू होतो. प्रोजेक्टला क्लायंट असतो, गाव असतं, क्षेत्रफळ असतं, वर्ष असतं. ही माहिती दर फोटोला वेगळी भरायला लावणारं सॉफ्टवेअर दोन आठवड्यांत मरतं, कारण कुणी भरत नाही. माहिती प्रोजेक्टला एकदा भरली की त्याखालच्या हजार फोटोंना आपोआप लागली पाहिजे. डेमोत हे विचाराच. आणि सॉफ्टवेअरच्या आधी ऑफिसात प्रोजेक्ट नंबर एकच आहे का ते बघा. आमच्याकडे एकाच प्रोजेक्टला मामाचा नंबर वेगळा, मामीचा वेगळा आणि अकाउंट्सचा तिसराच. ते एक करायला तीन शनिवार गेले आणि एक कडाक्याचं भांडणही झालं. मामाचे नंबर राहिले.

आता फोनवाल्यांसाठी. साइटचे फोटो ऑफिसात कसे येतात? व्हॉट्सॲपनं. सुपरवायझर स्लॅबच्या सळईचे वीस फोटो ग्रुपवर टाकतो, मामा अंगठा दाखवतो, काँक्रीट सुरू. यात अडचण अशी की व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, आणि कॅमेऱ्यानं आत लिहिलेली माहिती, कधी काढला, कुठं काढला, तीही निघून जाते. या माहितीला एक्झिफ म्हणतात. उरते ती फाइलीच्या नावातली व्हॉट्सॲपची तारीख. काल काढलेला फोटो आज फॉरवर्ड केला तर तारीख आजची. वर्षभरानं वाद झाला तर हा फोटो स्लॅबच्या आधीचा की नंतरचा, हे सांगणार कोण?

यावर एक फुकटचा उपाय आजच करता येईल: फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. पण साइटवर उन्हात उभा असलेला माणूस हे रोज करणार नाही. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना आम्ही पहिली परीक्षा ठेवली ती सुपरवायझरची. त्याच्या फोनवरून, मिरज रोडच्या साइटवरून, रेंज येत-जात असताना दहा फोटो चढवायचे. लॉगिन विसरला तर काय? मधेच नेट गेलं तर परत पहिल्यापासून का? तीन सॉफ्टवेअरपैकी एक इथंच बाद झालं. कॉन्फरन्स रूममधल्या डेमोत ते सगळ्यात देखणं होतं.

दुसरी परीक्षा मराठीची, आणि ही मात्र माझ्या धंद्यातली गंमत आहे. सुपरवायझर लिहिणार ‘जोतं’, मामी लिहिणार ‘प्लिंथ’, मामीची ज्युनियर तेच इंग्रजी लिपीत लिहिणार. तिन्ही एकच आहेत हे सॉफ्टवेअरला आधी शिकवून ठेवता आलं पाहिजे, म्हणजे ठरलेल्या शब्दांची यादी आणि त्यांचे पर्यायी शब्द. त्याहून बारीक भानगड आहे ती ‘ॲनेक्स’सारख्या शब्दाची. त्यातला ‘ॲ’ वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या पद्धतीनं लिहितात. डोळ्यांना एकच दिसतो, कॉम्प्युटरला आत तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. एका सॉफ्टवेअरमध्ये मामीनं लिहिलेलं ‘ॲनेक्स’ मामाला सापडेचना. दोघं एकमेकांवर चिडले, चूक दोघांचीही नव्हती. आणि जुन्या, युनिकोडच्या आधीच्या श्रीलिपीसारख्या फाँटात टाइप केलेली पत्रं असतील तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर सर्चला ती नुसती अगम्य अक्षरं दिसतात.

‘एआय आपोआप टॅग लावतं’ हे प्रत्येक विक्रेता सांगतो. लावतंही. तयार इमारतींच्या फोटोंवर ते बरं चाललं: काच, जिना, झाड, संध्याकाळ. सळईच्या जाळीला मात्र त्यानं ‘कुंपण’ म्हटलं. चिडायचं कारण नाही, बाहेरून ती दिसते तशीच. पण हा सी-७ आहे, सी-८ नाही, हे चित्राकडे बघून ते सांगू शकणार नाही.

ते सांगितलं होतं काकांनी, २००९ मध्येच. मगाशी सांगायचं राहिलं. त्या दिवाळीच्या फोल्डरमधल्या फोटोत टेपच्या शेजारी एक शाळेची पाटी ठेवलेली होती, आणि तिच्यावर खडूनं लिहिलं होतं: सी-७, तारीख, आणि सोसायटीचं नाव. आम्ही फोटो ओळखला तो त्या पाटीवरून. फाइलीचं नाव तर कॅमेऱ्यानं दिलेला नुसता आकडा होता. मी पाच वर्षं डेटाबेसवर काम करतेय, पण इतका टिकाऊ मेटाडेटा मी बघितला नव्हता. हार्डडिस्क बदलली, फोल्डर चुकला, कॅमेरा भंगारात गेला, पाटी फोटोच्या आतच राहिली.

हाच विचार सॉफ्टवेअर निवडताना पुढे न्यायचा. तुम्ही भरलेली माहिती फक्त त्या कंपनीच्या डेटाबेसमध्ये राहते, की फोटोच्या फाइलीतही लिहिली जाते? फाइलीच्या आत माहिती लिहायच्या मान्य पद्धती आहेत, वृत्तसंस्थांच्या जगातून आलेली आयपीटीसी आणि ॲडोबीनं २००१ मध्ये आणलेली एक्सएमपी. मामा पूर्वी पिकासा वापरायचा, आणि त्यात फोटोंखाली ओळी लिहायचा. पिकासा २०१६ मध्ये बंद झालं. त्या ओळी आजही आहेत, कारण जेपेग फोटोंच्या बाबतीत त्या फाइलीतच लिहिल्या जायच्या. पण महत्त्वाच्या फोटोंना त्यानं तारे दिले होते, ते एका लपलेल्या वेगळ्या फाइलीत होते, आणि डिस्क बदलताना ती फाइल आम्ही कॉपी केलीच नाही. ओळी टिकल्या, तारे गेले.

म्हणून तिसरी परीक्षा: घ्यायच्या आधीच सोडून बघायचं. चाचणीच्या काळात ५०० फाइली टाका, माहिती भरा, आणि मग सगळं बाहेर काढा. मूळ फाइली मूळ दर्जात येतात का, माहिती एक्सेलमध्ये उघडेल अशा यादीत येते का, फाइलीच्या आत लिहिलेली येते का. विक्रेत्याला विचारा की आम्ही गेलो तर सगळा डेटा किती दिवसांत आणि किती पैशांत देणार, आणि उत्तर करारात लिहून घ्या. फुकटावर विसंबायचं तर गूगल फोटोजचं आठवा: अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. त्यांनी आधी सांगून केलं, त्यांचा हक्कच होता. अशा बदलाची तयारी आपण ठेवायची.

आता मामीची बाजू, कारण तिला सळईत रस नाही. तिला हवेत पूर्ण झालेल्या इमारतींचे चांगले फोटो, पंधरा मिनिटांत, टेंडरच्या प्रेझेंटेशनसाठी. ‘दहा हजार चौरस फुटांवरच्या शाळा, मागच्या सात वर्षांतल्या’ असं शोधता आलं पाहिजे. आणि त्याहून महत्त्वाचं, हा फोटो वापरायची आपल्याला परवानगी आहे का ते तिथंच दिसलं पाहिजे. मामीचे हात यात पोळलेत. एका फोटोग्राफरनं काढलेला फोटो ऑफिसनं पुस्तिकेत छापला, त्याचा फोन आला, करार बघितला तर परवानगी फक्त वेबसाइटची होती. पैसे भरले, वर संबंध बिघडले ते वेगळंच.

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढायला सांगणारा असतो. पण वेगळा करार नसेल तरच. आणि व्यावसायिक फोटोग्राफर करार करतातच. त्यामुळे ‘आम्ही पैसे दिले म्हणजे फोटो आमचा’ हे गृहीत धरू नका, कागद वाचा. सॉफ्टवेअरमध्ये तीन रकाने हवेतच: फोटो कुणाचा, कुठं वापरता येतो, कधीपर्यंत. मुदत संपली की फोटो आपोआप लपला पाहिजे, निदान लाल तरी झाला पाहिजे. बंगल्यांच्या बाबतीत चौथाही: घरमालकानं बाहेर दाखवायला हो म्हटलंय का?

पैशांचं पटकन सांगते. काही कंपन्या माणशी पैसे घेतात, काही साठवणीवर, काही दोन्हींवर. आपल्या धंद्यात साठवण फुगते. आमचा हिशेब: सहा साइट, रोज ४० फोटो, एक फोटो ४ एमबी, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे साधारण २८८ जीबी. यात ड्रोनचा एकही व्हिडिओ नाही. आणि माणशी पैसे असतील तर ऑफिस काय करतं? एकच लॉगिन सगळे वापरतात. मग कुणी काय चढवलं, कुणी काय उडवलं, काही कळत नाही. बाहेरच्या सुपरवायझरला आणि फोटोग्राफरला लॉगिनशिवाय फाइल चढवता येते का हे म्हणूनच आधी विचारा.

मी शेवटी काय केलं? आधी एक कबुली देते. पहिला महिना मी स्वतःच सॉफ्टवेअर लिहायला बसले होते. तीन शनिवार-रविवारांत बरंच झालंही होतं, मामाला केवढं कौतुक. मग मामीनं शांतपणे विचारलं, “तू उद्या परदेशात गेलीस तर हे कोण बघणार?” काकांच्या डोक्यातलं सगळं काढून आम्ही माझ्या डोक्यात घालत होतो. तो कोड मी तिथंच सोडला.

मग दोन आठवड्यांची परीक्षा घेतली. काकांना फोन करून विचारलं की तुम्हाला लोक काय काय शोधायला सांगायचे? त्यांनी वीस प्रश्न दिले, तोंडपाठ. ‘त्या हॉस्पिटलच्या टाकीचं वॉटरप्रूफिंग’, ‘२०१९ च्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं तो भिंतीवरचा डाग’, ‘ठेकेदार बदलला त्यानंतरचा पहिला स्लॅब’. सॉफ्टवेअरवाल्यांच्या वैशिष्ट्यांच्या यादीत असले प्रश्न कधी नसतात. आमच्या २००० खऱ्या फाइली टाकल्या आणि ज्यांनी त्या फाइली कधी बघितल्या नव्हत्या अशा दोघांना घड्याळ लावून शोधायला बसवलं. ज्यात वीसपैकी सतरा सापडल्या ते घेतलं. आमच्या बाबतीत ते रिसोर्सस्पेस निघालं, त्यांच्याकडूनच चालवून घेतलेलं. तुमच्या बाबतीत दुसरं निघेल. शंभर माणसांचं आणि परदेशी टेंडरं भरणारं ऑफिस असतं तर मी ओपनॲसेटकडे आधी बघितलं असतं. आणि चार जणांचं ऑफिस असेल तर कदाचित काहीच घेऊ नका. प्रोजेक्ट नंबरचे नीट फोल्डर, डिजिकॅमसारखं फुकटचं सॉफ्टवेअर, आणि दोन ठिकाणी बॅकअप यावर बरीच वर्षं निघतील. (या भागाला कुणी प्रायोजक नाही, विचारायच्या आधीच सांगते.)

जुनं सगळं एकदम भरायचा मोह टाळा. आमच्या अकरा हार्डडिस्कवर किती लाख फाइली आहेत ते मी मोजलंच नाही. आधी घेतले ते झाकल्या गेलेल्या कामांचे फोटो: फूटिंग, कॉलमच्या सळया, टाक्या, भिंतीतल्या पाइपलाइनी. मग तयार इमारती. बाकीचं कुणी मागेल तेव्हा. रेरा कायदा २०१६, कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत निघालेले बांधकामातले दोष बिल्डरला दुरुस्त करून द्यावे लागतात, आणि बिल्डरला विचारणा झाली की तो पहिला फोन इंजिनियरला करतो. म्हणून अलीकडच्या पाच वर्षांतले प्रोजेक्ट रांगेत पुढे.

आणि हे भरणार कोण? काका बेळगावहून परत आले. आता मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन ते सहा, मानधनावर येतात. त्यांना टायपिंगचा कंटाळा, म्हणून फोनवर मराठीत बोलून टाइप करायचं मी शिकवलं. फोटो समोर आला की काका बोलतात: “हा वखारभागातला बंगला, मागचं फूटिंग, पाऊस होता त्या दिवशी, पाणी उपसून मग भरलं.” फोन लिहून घेतो, मामीची ज्युनियर तपासते. कधी कधी फोन ‘फूटिंग’चं ‘फुटकं’ करतो, मग दोघं हसतात. दिवसाला साठ-सत्तर फोटो होतात. साठीच्या पुढच्या माणसाची आठवण आम्ही घाईनं उतरवून घेतोय, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना कळतं, कुणी बोलत नाही.

लिफ्ट दिवाळीच्या आधी सुरू झाली. सोसायटीनं पेढे पाठवले, आणि मामानं पहिला पेढा काकांना दिला. नव्या सुपरवायझरला ॲप शिकवलंय, प्रोजेक्ट निवडतो, टप्पा निवडतो, फोटो चढवतो. त्याच्या बॅगेत एक पाटी आणि खडूचा डबाही आहे. तो काकांनी दिलाय.

तुमच्या ऑफिसात फाइली कुणाच्या डोक्यात आहेत ते व्हॉइस नोटवर कळवा, पुढच्या भागात काही ऐकवेन. तो भाग बॅकअपवर आहे, आणि त्या चालू न झालेल्या निळ्या डिस्कचं काय झालं ते त्यात सांगते.